आपल्या गच्चीवरून सूर्य नेमका कुठे? सावली, घड्याळ आणि थोडं गणित

मे महिन्यात आमच्या पुण्याच्या घरी गच्चीवर सोलर हीटर बसवला. बसवायला आलेल्या माणसाने सकाळी साडेनऊच्या सुमारास पाण्याच्या टाकीची सावली कुठे पडते ते पाहिलं आणि टाकीपासून तीन मीटरवर, वायव्येच्या कोपऱ्यात, हीटर ठेवला. "इथे दिवसभर ऊन आहे," म्हणाला. मे महिन्यापुरतं ते अगदी खरं होतं. डिसेंबर उजाडला, गरम पाण्याची खरी गरज लागली, आणि रोज सकाळी टाकीची सावली बरोबर पॅनेलवर येऊन बसायला लागली. आईने आंघोळीच्या पाण्यासाठी पुन्हा गॅस पेटवायला सुरुवात केली.

डिसेंबरमधली ती सावली मे महिन्यातच कागदावर काढता आली असती. त्यासाठी तीन गोष्टी ठाऊक हव्यात: तुमचं ठिकाण, तारीख आणि सूर्याच्या हिशेबाने वाजलेली वेळ. शाळेतली त्रिकोणमिती विसरला असाल तरी हरकत नाही, साइन-कोसाइनची बटणं असलेला कॅल्क्युलेटर पुरतो.

हे सगळं दाखवणारी ॲप आहेत आणि ती वापरायला माझी ना नाही. पण ॲपमधला बाण फोनच्या होकायंत्रावर फिरतो, आणि गच्चीवर स्लॅबच्या सळयांजवळ ते होकायंत्र बऱ्यापैकी भरकटतं. म्हणून माझा आग्रह असा की एकदा तरी काठी उभी करून सावली स्वतः मोजा, आकडा स्वतः काढा, आणि दोन्ही जुळतात का ते पाहा. एक गोष्ट आधीच सांगतो, लहान मुलांनाही सांगा: या सगळ्यात सूर्याकडे बघायचं नाही. काळ्या चष्म्यातूनही नाही. आपलं सगळं काम जमिनीवरच्या सावलीवर होतं.

सूर्याची जागा म्हणजे दोन कोन

आकाशातली कुठलीही जागा दोन कोनांत सांगता येते. क्षितिजापासून सूर्य किती वर आहे, तो उन्नतांश. क्षितिजावर शून्य, थेट डोक्यावर ९०. हात लांब करून मूठ धरली तर मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते, म्हणजे क्षितिजापासून माथ्यापर्यंत नऊ मुठी.

दुसरा दिगंश. उत्तरेपासून सुरुवात करून पूर्वेकडून फिरत मोजायचा: उत्तर ०, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. सूर्याचा दिगंश १३० असेल तर तो आग्नेयेला, जरासा पूर्वेकडे सरकलेला. सावली नेहमी बरोबर उलट बाजूला, म्हणजे दिगंशात १८० मिळवायचे.

पहिली पायरी: तुमचे अक्षांश-रेखांश

फोनच्या नकाशावर आपल्या घरावर बोट दाबून धरा, दोन आकडे येतील. पुण्यासाठी ते १८.५२ आणि ७३.८६ च्या आसपास असतील. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. दशांशानंतर दोन आकडे भरपूर झाले, कारण अक्षांशाचा शंभरावा भाग म्हणजे जमिनीवर जेमतेम एक किलोमीटर. जुन्या नकाशातून घेत असाल तर तिथे १८ अंश ३१ मिनिटं असं लिहिलेलं असतं. मिनिटांना ६० ने भागून अंशांत मिळवा.

नकाशा हाताशी नसतानाही आपल्याकडे अक्षांश काढत असत, तेही सावलीवरूनच. बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे सरळ खुंटी, उभा करायचा आणि विषुवदिनी, दिवस-रात्र सारखे असताना, मध्यान्हीची सावली मोजायची. ती त्या गावाची पलभा. पुण्याची पलभा जवळजवळ ४ अंगुळं येते, नागपूरची ४.६. पंचांगाच्या गणितात आजही हा शब्द भेटतो. भास्कराचार्यांच्या 'सिद्धांतशिरोमणी'त (इ.स. ११५०) दिशा, देश आणि काल या तीन प्रश्नांसाठी 'त्रिप्रश्न' नावाचा वेगळा अधिकार, म्हणजे प्रकरण, आहे. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापला, याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात आहे. आपण इथे जे करणार आहोत ते याच तीन प्रश्नांचं गणित आहे, फक्त अंगुळांऐवजी सेंटिमीटरमध्ये.

दुसरी पायरी: काठी, पाणसळ आणि ओळंबा

मीटरभर लांबीची सरळ काठी किंवा पाइप घ्या. लांबी बरोबर १०० सेंटिमीटर ठेवलीत तर पुढचे सगळे हिशेब सोपे होतात.

गच्चीवर काम करताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला उतार दिलेला असतो. डोळ्याला तो दिसत नाही, सावलीला दिसतो. डिसेंबरच्या सकाळी सूर्य तीसेक अंशांवर असताना जमीन अर्धा अंश जरी कलती असली तरी मीटरभर काठीच्या सावलीत तीनेक सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणून प्लायवुडचा किंवा कडप्प्याचा मोठा तुकडा घ्या, गवंड्याकडची पाणसळ दोन्ही बाजूंनी लावून बघा आणि जिथे खाली असेल तिथे पुठ्ठ्याच्या घड्या सारून तो समतळ करा. मग काठी उभी करा आणि शेजारी ओळंबा सोडून ती दोन दिशांनी तपासा. ओळंबा नसेल तर दोऱ्याला कुलूप बांधा, तेही चालतं.

आता सावलीचं टोक नीट बघा. काठीच्या बुडाशी सावलीची कड सुरीने कापल्यासारखी दिसते, पण टोकाशी ती विरघळत जाते. गडद, मग करडी, मग नाहीशी. सूर्य म्हणजे बिंदू नव्हे, अर्ध्या अंशाची तबकडी आहे, म्हणून असं होतं. दीड मीटर लांब सावलीत हा करडा पट्टा सेंटिमीटरहून जास्त रुंद असतो, आणि त्यात नेमकी खूण कुठे करायची हे दोन माणसं दोन तऱ्हेने ठरवतात. यावर चांगला उपाय आहे. काठीच्या टोकाला जाड पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवा आणि त्याला पाच मिलिमीटरचं भोक पाडा. पुठ्ठ्याच्या सावलीत प्रकाशाचा एक गोल ठिपका पडेल. त्या ठिपक्याच्या मध्यावर पेन्सिलची खूण करा. उंची मात्र काठीच्या टोकापर्यंत मोजायची नाही, जमिनीपासून भोकापर्यंत मोजायची. आणि सावलीची लांबी भोकाच्या थेट खालच्या बिंदूपासून. तो बिंदू ओळंब्यानेच ठरवा.

तिसरी पायरी: खरी उत्तर शोधा

महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि भौगोलिक उत्तर यांच्यात एखाद्या अंशापेक्षा जास्त फरक नाही, त्यामुळे मोकळ्या मैदानात साधं होकायंत्र चालून जातं. गच्चीवर नाही. तिथे कात्यायन शुल्बसूत्रात सांगितलेली रीत वापरा, यज्ञवेदीची दिशा ठरवण्यासाठी ती होती. काठीच्या पायाभोवती एक वर्तुळ काढायचं. सकाळी सावली लांब असते, तिचं टोक आखडत आखडत बाहेरून आत येताना वर्तुळाला जिथे स्पर्श करतं तिथे खूण करायची. दुपारनंतर सावली पुन्हा वाढत वर्तुळाला पोचते, तिथे दुसरी खूण. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळाली. तिच्यावर लंब काढला की उत्तर-दक्षिण.

वर्तुळाची त्रिज्या सकाळी दहाच्या सुमारास जेवढी सावली असेल तेवढी घ्या. त्याहून मोठी घेतली तर दुपारी शेजारची इमारत आडवी येते, फार लहान घेतली तर टोक वर्तुळाला इतकं तिरकं स्पर्शून जातं की खूण नेमकी होत नाही. दुपारी ढग आले तर दिवस फुकट जातो, तेवढी तयारी ठेवा. पहिला प्रयोग डिसेंबर-जानेवारीत करावा. आकाश निरभ्र असतं आणि सावल्या लांब असतात.

चौथी पायरी: सूर्याचं घड्याळ

नवखी मंडळी इथेच अडखळतात. माझंही पहिल्या वेळी इथेच चुकलं होतं. बरोबर बारा वाजता सावली उत्तरेकडे पडेल असं धरून मी रेषा आखली आणि ती चांगलीच तिरकी आली.

भिंतीवरचं घड्याळ भारतीय प्रमाणवेळ दाखवतं, आणि ती ८२.५ अंश रेखांशाची, म्हणजे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेची वेळ आहे. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. पुणे त्या रेषेच्या ८.६४ अंश पश्चिमेला, म्हणून पुण्यात सूर्य माथ्यावर यायला साडेचौतीस मिनिटं उशीर होतो. मुंबईत साडेअडतीस, कोल्हापुरात ३३, पणजीत पुण्याइतकाच, नागपुरात साडेतेरा, गोंदियात ९. तुमच्या गावासाठी: ८२.५ मधून रेखांश वजा करा, चारने गुणा.

मुंबईकरांना हा फरक एकेकाळी अंगवळणी होता. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ ला लागू झाली, पण मुंबईने आपला ३९ मिनिटं मागे असलेला 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सोडला नाही. ते घड्याळ सूर्याच्या जवळ होतं.

एवढ्यावर भागत नाही. पृथ्वीची कक्षा लंबगोल आहे, जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि जास्त वेगाने धावते. शिवाय तिचा आस कललेला आहे. या दोन कारणांनी सूर्य वर्षभरात कधी घड्याळाच्या पुढे जातो, कधी मागे पडतो. या फरकाला कालसमीकरण म्हणतात. ११ फेब्रुवारीच्या सुमारास तो सव्वाचौदा मिनिटं मागे असतो, ३ नोव्हेंबरच्या सुमारास साडेसोळा मिनिटांच्या जवळपास पुढे. परिणाम असा की पुण्यात मध्यान्ह ११ फेब्रुवारीला १२:४९ ला होते आणि ३ नोव्हेंबरला १२:१८ ला. एकाच गच्चीवर, अर्ध्या तासाचा फरक.

सूर्याची वेळ = घड्याळाची वेळ − रेखांशाचा फरक + कालसमीकरण.

पाचवी पायरी: क्रांती

विषुववृत्तापासून सूर्य त्या दिवशी किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ती त्याची क्रांती. उत्तरेला अधिक, दक्षिणेला वजा. २१ जूनच्या आसपास +२३.४४, २१ डिसेंबरच्या आसपास −२३.४४, आणि २१ मार्च व २३ सप्टेंबरच्या सुमारास शून्य. उत्तरायण आपण संक्रांतीला साजरं करतो, पण सूर्य प्रत्यक्षात उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरला. अयनचलनामुळे, म्हणजे पृथ्वीचा आस अतिशय हळू डोलत असल्यामुळे, दोन्हींत आता तीन आठवड्यांहून जास्त अंतर पडलं आहे. आपल्या गणितात डिसेंबरची तारीख धरायची.

दर महिन्याच्या १५ तारखेचे आकडे खाली दिले आहेत, आधी क्रांती अंशांत आणि मग कालसमीकरण मिनिटांत. एका वहीत उतरवून ठेवा, दरवर्षी हेच चालतात.

जानेवारी: −२१.२, −९
फेब्रुवारी: −१२.७, −१४
मार्च: −२.२, −९
एप्रिल: +९.७, ०
मे: +१८.८, +४
जून: +२३.३, −अर्धा
जुलै: +२१.६, −६
ऑगस्ट: +१४.१, −साडेचार
सप्टेंबर: +३.१, +५
ऑक्टोबर: −८.४, +१४
नोव्हेंबर: −१८.४, +१५
डिसेंबर: −२३.३, +५

मधल्या तारखांसाठी प्रमाणात वाटून घ्या. फक्त जून आणि डिसेंबरच्या २१ तारखांच्या आसपास तसं करू नका, तिथे क्रांती वळण घेते. तेव्हा सरळ २३.४४ धरा. पुष्कळ ठिकाणी क्रांतीचं एक सूत्रही सापडतं: २३.४५ × साइन[(३६०/३६५) × (२८४ + वर्षातला कितवा दिवस)]. झटपट अंदाजाला ते बरं आहे, पण सप्टेंबर-ऑक्टोबरात ते अंशभर चुकतं. माझा भरवसा कोष्टकावर.

सहावी पायरी: मध्यान्हीची उंची, बोटांवर

पूर्ण सूत्राकडे जाण्याआधी हे करून बघा. मध्यान्हीचा उन्नतांश = ९० − अक्षांश + क्रांती. पुण्यात २१ डिसेंबरला ९० − १८.५२ − २३.४४ = ४८.०४. मीटरभर काठीची सावली किती? १ भागिले टॅन ४८.०४, म्हणजे ९० सेंटिमीटर. वेळ साधारण १२:३३. त्या मिनिटाला सावली थेट उत्तरेकडे असते, म्हणजे तिसऱ्या पायरीतली रेषा तपासायचा हा दुसरा मार्ग झाला. दुपारी ढग येणार असतील तर याच मार्गाने जा.

उत्तर ९० पेक्षा मोठं आलं तर घाबरू नका. १८० मधून वजा करा, आणि सूर्य माथ्याच्या उत्तरेला आहे असं समजा. पुण्यात २१ जूनला ९४.९२ येतं, म्हणजे सूर्य ८५ अंशांवर, पण उत्तरेकडे. काठीची साडेआठ सेंटिमीटरची सावली त्या दुपारी दक्षिणेला पडते.

सातवी पायरी: कुठल्याही वेळी सूर्य

आता आमच्या हीटरचंच उदाहरण घेऊ. पुणे, २१ डिसेंबर, सकाळी साडेनऊ.

आधी सूर्याची वेळ. ९:३० मधून ३४.६ मिनिटं वजा, कालसमीकरणाची २ मिनिटं मिळवली, तर ८:५७ आणि थोडे सेकंद. मध्यान्हीला १८२.६ मिनिटं बाकी. चार मिनिटांना एक अंश, म्हणून १८२.६ ÷ ४ = ४५.६५ अंश. हा होराकोन, सकाळी वजा, दुपारनंतर अधिक.

अक्षांशाला अ, क्रांतीला क, होराकोनाला ह, उन्नतांशाला उ म्हणू.

साइन उ = साइन अ × साइन क + कोसाइन अ × कोसाइन क × कोसाइन ह

आकडे घातले: ०.३१७६ × (−०.३९७८) + ०.९४८२ × ०.९१७५ × ०.६९९०. पहिला भाग −०.१२६३, दुसरा ०.६०८१, बेरीज ०.४८१८. याचा उलट साइन, म्हणजे शिफ्ट दाबून साइन: २८.८ अंश. दोन मीटर उंच टाकीची सावली २ ÷ टॅन २८.८ = ३.६४ मीटर.

मग दिशा:

कोसाइन दिगंश = (साइन क − साइन अ × साइन उ) ÷ (कोसाइन अ × कोसाइन उ)

(−०.३९७८ − ०.१५३०) ÷ (०.९४८२ × ०.८७६३) = −०.६६२९. उलट कोसाइन १३१.५. सकाळ आहे म्हणून हाच दिगंश, आग्नेयेच्या जवळ. सावली १३१.५ + १८० = ३११.५ अंशांना, म्हणजे जवळजवळ नेमकी वायव्येला. टाकीपासून वायव्येला तीन मीटरवर हीटर, आणि ३.६४ मीटरची सावली त्याच दिशेला.

१५ मे, सकाळी साडेनऊ हेच गणित करा. उन्नतांश साडेसत्तेचाळीस, दिगंश ८२. टाकीची सावली १.८ मीटरची, आणि पडते २६२ अंशांना, म्हणजे पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे झुकून. हीटर त्या वेळी तिच्यापासून चांगला दूर. बसवणाऱ्या माणसाने जे पाहिलं ते बरोबरच पाहिलं होतं, फक्त एका महिन्यातलं पाहिलं होतं.

कॅल्क्युलेटरवर दोन ठिकाणी चूक होते. एक, तो डिग्री मोडमध्ये आहे ना ते बघा. साइन ३० ला ०.५ आलं पाहिजे. संगणकावरच्या स्प्रेडशीटमध्ये मात्र कोन रेडियनमध्येच लागतात, म्हणून आधी अंशांना पाय (π) ÷ १८० ने गुणून घ्या. दुसरी चूक दुपारनंतरची. उलट कोसाइन नेहमी ० ते १८० मधलंच उत्तर देतो, म्हणजे सूर्याला कायम पूर्वेकडे ठेवतो. होराकोन अधिक असेल तर आलेला आकडा ३६० मधून वजा करायचा.

सूर्योदय-सूर्यास्त याच सूत्रातून निघतात: कोसाइन ह = −टॅन अ × टॅन क. पुण्यात २१ डिसेंबरला ह ८१.६५ येतो, दुप्पट करून १५ ने भागला की दिवस १० तास ५३ मिनिटांचा. प्रत्यक्षात तो सात-आठ मिनिटांनी मोठा असतो, कारण वातावरणात प्रकाश वाकतो आणि सूर्याची वरची कड दिसली की आपण उगवला म्हणतो. दिनदर्शिकेतल्या वेळा एखाद्या ठरावीक शहरासाठी छापलेल्या असतात. मुंबईचा आकडा नागपुरात धरला तर नुसत्या रेखांशामुळे २५ मिनिटांची गल्लत होते.

महाराष्ट्रात आणि गोव्यात लक्षात ठेवायचं

आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत. परदेशी पुस्तकांत 'सूर्य दुपारी दक्षिणेला असतो' असं ठोकून लिहिलेलं असतं, ते आपल्याला वर्षभर लागू नाही. क्रांती आणि अक्षांश सारखे झाले की दुपारी सूर्य थेट माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस. पुण्यात तो १३-१४ मे आणि पुन्हा २९-३० जुलैच्या सुमारास. पणजीत मेच्या पहिल्या आठवड्यातच, नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात. जुलै-ऑगस्टचा दुसरा दिवस बहुधा ढगांत जातो, म्हणून मुलांना दाखवायचा असेल तर मे. ओळंब्याने सरळ केलेला पाइपचा तुकडा उभा ठेवा आणि वर्तुळाकार सावली बुडाशी गोळा होताना बघा. शेवटच्या पाच मिनिटांत ती बोटभर असते, मग नखाएवढी, मग पाइपच्या आतल्या तळावर उजेडाचा पूर्ण गोल दिसतो.

या दोन तारखांच्या मधल्या काळात पुण्यात सूर्य दिवसभर आकाशाच्या उत्तर भागातच राहतो. सूत्रात घालून बघा: २१ जूनला सकाळी दहा वाजता दिगंश ७५, पूर्वेच्या १५ अंश उत्तरेला. म्हणजे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही, आणि उत्तरेच्या खिडकीत पडतं. घर बांधताना, गॅलरीत तुळस कुठे ठेवायची ते ठरवताना, गच्चीवर भाजीचे वाफे करताना याचा फार उपयोग होतो. डिसेंबरात उलट, दक्षिणेची गॅलरी दिवसभर उन्हात न्हाते.

लंडनमध्ये हे करणार असाल तर उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे केलेलं असतं, तो तास आधी वजा करा. तिथे २१ डिसेंबरला मध्यान्ही सूर्य जेमतेम १५ अंशांवर येतो आणि मीटरभर काठीची सावली पावणेचार मीटरच्या जवळ जाते. काठी अर्ध्या मीटरची घ्या. मॉरिशसमधल्या मराठी घरांत अक्षांश वजा २०.२ धरायचा. सूत्रं तीच, पण शून्य सावली नोव्हेंबर आणि जानेवारीत येते आणि वर्षातला बहुतेक काळ दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. रेखांशाचा फरक मात्र तिथल्या प्रमाणवेळेच्या रेषेपासून मोजा: मॉरिशसची वेळ ग्रिनिचच्या चार तास पुढे, म्हणजे ६० अंशांची रेषा.

शेवटची पायरी: ताळा

एखादा निरभ्र दिवस निवडा. घड्याळ फोनच्या वेळेशी जुळवा. दर अर्ध्या तासाने ठिपक्याच्या मध्यावर खूण करा आणि शेजारी वेळ लिहा. संध्याकाळी प्रत्येक खुणेची लांबी आणि उत्तर रेषेपासूनचा कोन मोजा, आणि गणिताच्या आकड्यांशेजारी मांडा. एका अंशाच्या आत जुळलं तर काम फत्ते. सगळ्या खुणा सारख्याच कोनाने एका बाजूला सरकल्या असतील तर उत्तर रेषा चुकली. सकाळच्या सावल्या गणितापेक्षा लांब आणि दुपारनंतरच्या आखूड येत असतील तर पाट कलता आहे. मध्यान्हीच्या जवळ मोठा फरक आणि सकाळ-संध्याकाळी दिशा बरोबर, असं दिसलं तर वेळेचा हिशेब, विशेषतः कालसमीकरणाची अधिक-वजा खूण, पुन्हा बघा.

जानेवारीत आम्ही हीटर हलवला. टाकीच्या थेट दक्षिणेला, दीड मीटरवर. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला, म्हणजे टाकीची सावली दिवसभर मागे उत्तरेला जाते. जूनचा धोका तपासला: २१ जूनला मध्यान्ही दोन मीटरच्या टाकीची सावली दक्षिणेकडे १७ सेंटिमीटर, आणि सकाळी दहाला दीड मीटरची असली तरी जवळजवळ पश्चिमेला, दक्षिणेकडे जेमतेम ३८ सेंटिमीटर येणारी. पाइप जोडणाऱ्याला खडूने गच्चीवर दोन्ही सावल्या आखून दाखवल्या आणि मधल्या मोकळ्या जागेत स्टँडचे चार पाय ठोकले.